कन्फर्म बुकिंग होतं तरी खोली मिळाली नाही : कोल्हापुरात आलेल्या एका जर्मन पाहुणीचं प्रकरण

शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५, रात्रीचे पावणेदहा. स्टेशन रोडवरच्या एका लॉजच्या काउंटरसमोर आमची पाहुणी उभी, पाठीवर मोठी सॅक, हातात मोबाईल, मोबाईलवर हिरव्या अक्षरात बुकिंग कन्फर्म असल्याचा मेसेज. काउंटरच्या पलीकडं विशीतला एक पोरगा. त्यानं पासपोर्ट घेतला, पानं चाळली आणि तसाच काचेवरनं परत तिच्याकडं सरकवला. "मॅडम, फॉरेनर नाही चालत इथं." मी त्यावेळी सुभाषनगरात घरीच होते, तिचा फोन आला तेव्हा कळलं. ती रडत नव्हती, चिडलीही नव्हती, फक्त एकच विचारत होती, माझ्याकडनं काही चुकलंय का? तो प्रश्न माझ्या डोक्यातनं अजून गेला नाही. आपल्या गावात पहिल्यांदा पाय ठेवलेल्या माणसाला रात्री रस्त्यावर उभं राहून असं विचारावं लागतंय हे मला फार लागलं, म्हणून त्या रात्री काय झालं, का झालं आणि नंतर आम्ही काय केलं ते सगळं नीट लिहून काढते.

आधी ती का आली ते सांगते. आमचं घर चपलांचं. आण्णा चाळीस वर्षं कोल्हापुरी बांधतात, मी गेली सहा वर्षं ऑर्डरी, फोटो, कुरिअर आणि बाहेरच्या देशातल्या गिऱ्हाइकांचे मेल सांभाळते. २०१९ ला कोल्हापुरीला जीआय, म्हणजे ही चप्पल याच भागाची असा कायदेशीर शिक्का, मिळालं, आपल्याकडचे चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार मिळून, आणि २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या एका मोठ्या फॅशन शोमध्ये आपल्यासारखीच चप्पल आपलं नाव न घेता दिसली त्यावरनं जे रान उठलं त्यानंतर आमच्याकडं बाहेरनं मेल वाढले. त्यातलाच एक हिचा. ही जर्मनीत ऑर्थोपेडिक बूट बनवते, म्हणजे कुणाचा पाय वाकडा आहे, कुणाला शुगरमुळं पायाला जखमा होतात, अशा पेशंटच्या मापाचे बूट. वय ५८. तिला बघायचं होतं की एक खिळा न मारता नुसत्या चामड्याच्या वादीनं शिवून तळ कसा धरतो, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं हाताला कसं लागतं. आण्णा तर म्हणाले, येऊ दे, तिच्यासमोर कापशी पद्धतीच्या चपलेचा जोड पहिल्यापासनं बांधतो.

राहायचं कुठं हे तिनं मला महिनाभर आधी विचारलं होतं. मी लिहिलं, स्टेशनजवळ कुठलंही घ्या, सगळी बरी आहेत. हे चुकलं माझं. मी स्वतः कुठंही गेले की आधार कार्ड दाखवते आणि खोली मिळते, आजवर कुणी नाही म्हणालं नाही, त्यामुळं असा काही प्रश्न असू शकतो हेच माझ्या गावी नव्हतं. तिनं मग तिकडच्या नेहमीच्या अॅपवरनं तीन रात्रींचं बुकिंग केलं, रात्रीला १,६५० रुपये, पैसे लॉजवर द्यायचे. बाई तयारीची होती. ई-व्हिसाची प्रिंट, इन्शुरन्सची प्रिंट, बुकिंगची प्रिंट, सगळं एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये. मुंबईत दोन रात्री एका मोठ्या हॉटेलात राहिली, तिथं पासपोर्ट घेतला, फोटो काढला, पाच मिनिटांत चावी. म्हणजे इंडियात असंच असतं असं तिला वाटणं साहजिक होतं. मग शनिवारी सकाळी कोयना एक्स्प्रेस पकडली, गाडी लेट झाली, आणि उतरून चालत लॉजवर.

मी स्कूटीवरनं दहा मिनिटांत पोचले. पोरगा तसा वाईट नव्हता, उलट तोच जास्त घाबरलेला. मी म्हणलं बाळा, बुकिंग आहे की, तर त्यानं परत पासपोर्ट मागितला आणि माझ्यासमोर परत एकेक पान चाळायला लागला. म्हणाला, "ताई, व्हिसा कुठंय यात? स्टिकरच नाही." आता ई-व्हिसाला स्टिकर नसतंच. घरबसल्या अर्ज होतो, मंजुरीचा कागद मेलवर येतो, तो घेऊन इथं उतरलं की इमिग्रेशनवाले पासपोर्टवर शिक्का मारतात, बास. तो शिक्का सतराव्या पानावर होता, मुंबई विमानतळाचा, तारखेसकट. पोरगा त्याच पानावरनं दोनदा पुढं गेला कारण तो चकचकीत, फोटोवालं स्टिकर शोधत होता, कुणीतरी कधीतरी त्याला तसं दाखवलेलं असणार. तिनं फोल्डरमधनं प्रिंट काढून दिली. त्यानं ती वाचली, म्हणजे वाचायचा प्रयत्न केला, आणि मालकाला फोन लावला. मालक स्पीकरवर, "नको नको, शनिवारचं लफडं नको, पोलिसांचं काय निघालं तर कोण बघणार, त्यांना दुसरीकडं बघायला सांग." विषय संपला.

अॅपच्या हेल्पलाइनला तिनं फोन लावला. पस्तीस मिनिटं. तिकडनं सांगितलं की पैसे घेतलेलेच नाहीत म्हणून परत द्यायचा प्रश्न नाही, पर्यायी हॉटेल शोधतो, आणि मग, सॉरी, तुमच्या बजेटमध्ये आज शहरात काही शिल्लक नाही. हे मात्र खरं होतं. दुसऱ्या दिवसापासनं किरणोत्सव. ९, १० आणि ११ नोव्हेंबरला मावळतीची किरणं महाद्वारातनं आत येऊन अंबाबाईच्या चरणापासनं वर चढत जातात, त्यासाठी लांबलांबनं माणसं येतात, त्यात शनिवार-रविवार जोडून. आणि आता ऑगस्टपासनं हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासनं सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गचे वकील नि पक्षकार येतात, त्यामुळं सीपीआर हॉस्पिटल, दसरा चौक भागात अधल्यामधल्या दिवशीपण खोल्या लागलेल्या असतात असं आमचे ओळखीचे लॉजवाले सांगतात. बाहेरच्या देशात बसून मोबाईलवर बघणाऱ्याला यातलं काय कळणार?

मी येण्याआधी तिनं अजून एक प्रयत्न करून बघितला होता, तो सांगायलाच पाहिजे. लॉजवाल्यानं नाही म्हणल्यावर ती बाहेर आली, रिक्षावाल्या मामांना म्हणाली, हॉटेल. मामांनी तिला बसवलं आणि दाभोळकर कॉर्नरच्या पुढं एका हॉटेलसमोर नेऊन सोडलं. मोठी पाटी, लाइटिंग, पाटीवर इंग्रजीत हॉटेल लिहिलेलं. आत गेली तर तांबडा-पांढरा रस्सा, ताटं, नि टेबलाला वेटिंग. वेटरला ती रूम, रूम म्हणतीय आणि तो तिला फॅमिली रूमकडं पाठवतोय. आपल्याला यात काहीच वाटत नाही, आपण हॉटेलला जातो ते जेवायलाच, राहायचं ते लॉज, देवाला आलेल्यांचं ते यात्री निवास नाहीतर भक्त निवास नाहीतर धर्मशाळा. पण तिच्या डोक्यात हॉटेल या शब्दाचा एकच अर्थ. मामा पण बिचारे बाहेर थांबून होते, तिला परत फिरताना बघून त्यांनीच विचारलं, "जेवायचं हॉटेल न्हाय व्हय?" आणि एक रुपया न घेता परत स्टेशन रोडला आणून सोडलं. मला नंतर भेटले तेव्हा म्हणाले, पोरी, तिनं लॉज म्हणलं असतं तर मी आधीच चार ठिकाणी विचारलं असतं की.

मग मी पण फिरवलं. महाद्वार रोडकडं दोन ठिकाणी विचारलं, एकानं खोली नाही म्हणून सांगितलं ते खरंच होतं, दुसऱ्याकडं खोली होती पण पासपोर्ट बघितल्यावर नव्हती. तेव्हा बराच उशीर झालेला. आई फोनवर, "अगं कशाला फिरवतीयास तिला रात्रीचं, घरला घेऊन ये, आपल्यात झोपंल की, गादी घातलीया मी." मी निघालेच होते. तेवढ्यात आठवलं की ताराबाई पार्कातल्या एका हॉटेलात माझ्या मैत्रिणीचा भाऊ फ्रंट ऑफिसला आहे, त्याला नुसतं विचारावं म्हणून फोन केला. त्यानं जे सांगितलं त्यानं मी गाडी बाजूला घेऊन थांबले.

तो म्हणाला, घरी न्यायला काहीच हरकत नाही, पण घरी ठेवलं तरी सी फॉर्म भरायला लागतो. मी म्हणलं कसला सी फॉर्म? तर भारतात परदेशी नागरिक जिथं उतरतो त्या जागेच्या मालकानं, मग ते हॉटेल असो, लॉज, धर्मशाळा, हॉस्पिटल, होस्टेल किंवा तुमचं माझं राहतं घर, तो आल्यापासनं २४ तासांच्या आत त्याची माहिती सी फॉर्मवर नोंदणी अधिकाऱ्याला कळवायची असते. मुंबईसारख्या शहरात त्यासाठी एफआरआरओ म्हणून परदेशी नागरिकांच्या नोंदणीचं वेगळं ऑफिस असतं, जिल्ह्याला ते काम पोलीस अधीक्षकांकडं, म्हणजे आपल्याकडं कसबा बावडा रोडचं एसपी ऑफिस. फॉर्म आता ऑनलाइन असतो, पण तो भरायला आधी त्या जागेची एकदा नोंदणी करून लॉगिन घ्यावं लागतं. "लहान लॉजवाल्यांनी ते लॉगिन घेतलेलंच नसतं," तो म्हणाला, "म्हणून ते फॉरेनर चालत नाही म्हणतात. खरं म्हणजे चालत नाही असं काय नाहीच." त्याच्याकडं एक खोली शिल्लक होती. ३,२०० रुपये, वर ५ टक्के जीएसटी, ३,३६०. बजेटच्या दुप्पट. पाहुणी म्हणाली, जाऊया.

तिथं काय झालं ते मी मुद्दाम बघत उभी राहिले. अकरा पाच झाले होते. त्यानं पासपोर्ट उघडला, फोटोचं पान स्कॅन केलं, मग शिक्क्याचं पान, मग ई-व्हिसाची प्रिंट. स्क्रीनवर एकेक रकाना. आडनाव, नाव, पासपोर्टवर आहे तसंच, बुकिंगवर काय का असेना. जन्मतारीख, देश, पासपोर्ट नंबर, कुठं दिला, कधीपर्यंत चालतो. व्हिसा नंबर, तो प्रिंटवरनं घेतला. भारतात कधी उतरली, इथं कुठनं आली, किती दिवस राहणार, इथनं पुढं कुठं, येण्याचं कारण. फोटो. मधे एकदा साइट अडकली, परत लॉगिन केलं. सेव्ह करून त्यानं प्रिंट काढली तेव्हा अकरा सतरा. बारा मिनिटं. ज्या बारा मिनिटांसाठी ५८ वर्षांची बाई दीड तास रस्त्यावर होती ती ही बारा मिनिटं, आणि तीसुद्धा रात्रीच भरायची सक्ती नव्हती, दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत मुदत होती.

पैशाचं पण थोडं झालं. तिचं कार्ड मशीनवर दोनदा नाकारलं गेलं, बाहेरच्या देशातलं कार्ड त्या मशीनवर चालू केलेलं नव्हतं. यूपीआय तिच्याकडं नाही, परदेशी प्रवाशांसाठी यूपीआय वन वर्ल्ड म्हणून वॉलेट निघालंय पण ते तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि रात्री अकराला ते करणार कुठं. मी माझ्या मोबाईलवरनं भरले, तिनं सकाळी एटीएममधनं काढून दिले. तिला ते फार अवघडल्यासारखं झालं, दोनदा हिशोब लिहून दाखवला.

रात्री तिला खोलीत सोडताना ती म्हणाली की आमच्याकडं पण हॉटेलात परदेशी पाहुण्याला फॉर्म असतोच. जर्मनीत त्याला मेल्डेशाइन म्हणतात, आधी सगळ्यांनाच भरायला लागायचा, १ जानेवारी २०२५ पासनं तिथल्या नागरिकांना माफ झाला पण बाहेरच्यांना अजून आहे. फरक इतकाच की तिथं तो कागद पाहुणा स्वतः सही करतो आणि हॉटेल जपून ठेवतं. इटलीत तर हॉटेलवाला २४ तासांत पोलिसांना ऑनलाइन कळवतोच, अगदी आपल्यासारखं. म्हणजे परदेशी माणसाची नोंद करणं ही काही आपलीच जगावेगळी कटकट नाही, आणि तिला नोंदीचा त्रास झालाच नाही. तिला त्रास झाला तो याचा की बुकिंग घेताना ते कुणी विचारलं नाही, आणि नाही म्हणताना का ते कुणी सांगितलं नाही.

रविवारी सकाळी ती आमच्या कारखान्यात. आण्णा पाटावर बसले, पुढ्यात तळाचं चामडं, हातात आरी. ती समोर जमिनीवरच मांडी घालून बसली, खुर्ची दिली तर नको म्हणाली. आण्णांनी वादी ओली करून ओढली की ती कशी घट्ट बसते ते तिच्या बोटांना धरून दाखवलं, भाषा एकाला दुसऱ्याची येत नाही, पण तासाभरात ती आण्णांच्या हातातनं आरी घेऊन स्वतः टाका घालत होती. आण्णा मला म्हणाले, "हात बसलेला हाय तिचा." त्यांच्या तोंडनं एवढं कुणाला मिळत नाही. मला मात्र सारखं वाटत होतं की शनिवारी रात्री ही वैतागून पहाटेची गाडी धरून परत गेली असती तर हे झालंच नसतं.

ती गोव्याला गेल्यावर मंगळवारी मी त्या पहिल्या लॉजवर परत गेले. भांडायला नाही, मला कळायला पाहिजे होतं. मालक साठीतले काका, मला बसवलं, चहा मागवला. म्हणाले, "बघ पोरी, मला पण बरं वाटलं नाही. पण माझं ऐक." बारा-तेरा वर्षांपूर्वी त्यांच्याकडं एक परदेशी जोडपं राहिलं, तेव्हा कागदावर फॉर्म भरून पोलीस स्टेशनला द्यायचा असायचा, यांच्या माणसाकडनं तो द्यायचा राहिला, मग बोलावणं आलं, दोन दिवस फेऱ्या, बोलणी खाल्ली. कुणीतरी त्यांना सांगितलं की यात पाच वर्षं आत जाता येतं. ते अगदीच खोटं नव्हतं, १९४६ च्या फॉरेनर्स अॅक्टमध्ये नियम मोडल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड अशी तरतूद होतीच. तेव्हापासनं काकांनी ठरवलं, परदेशी पासपोर्ट दिसला की नाही म्हणायचं. रात्रपाळीच्या पोराला तेवढं एकच वाक्य शिकवलेलं.

मग मी विचारलं, काका, अॅपवर तसं लिहिलं का नाही? त्यांनी मोबाईल काढून दाखवलं. आपल्या इकडच्या अॅपवर त्यांच्या लॉजखाली नियमांत बारीक अक्षरात होतं, फक्त भारतीय नागरिक, आणि लोकल आयडी चालणार नाही. पण पाहुणीनं बुकिंग केलं होतं ते दुसऱ्या, तिकडच्या अॅपवर, आणि तिथं ते कधी कुणी भरलंच नव्हतं. ते अॅप तीन वर्षांपूर्वी एका एजंटनं जोडून दिलेलं, पासवर्ड त्याच्याकडं. म्हणजे बघा, तिला जे दिसत होतं ते काकांना माहीत नाही, काकांना जे माहीत होतं ते तिला दिसत नाही, आणि अॅप दोघांच्या मधे बसून कन्फर्म म्हणून सांगतंय. तिच्या दृष्टीनं कन्फर्म म्हणजे मालकानं शब्द दिला. काकांच्या दृष्टीनं कन्फर्म म्हणजे एक मेसेज आला, माणूस समोर आल्यावर बघू. आपल्याकडं ते चालून जातं कारण आपण निघायच्या आधी फोन करतो, येतोय हं काका, खोली ठेवा. तो फोनच खरं बुकिंग. तिनं फोन केला नव्हता कारण तिच्या देशात फोन करणं म्हणजे त्या अॅपवर अविश्वास दाखवणं झालं असतं.

मी काकांना ताराबाई पार्कात बघितलेलं सगळं सांगितलं. कायदा पण आता बदललाय, १९४६ चा अॅक्ट आणि त्याच्यासोबतचे अजून तीन जुने कायदे जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासनं इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अॅक्ट २०२५ लागू झालाय, पण मालकाची कळवायची जबाबदारी त्यातही आहेच. आणि जुन्यात काय नव्यात काय, परदेशी माणसाला खोली देऊ नका असं नाही, माहिती द्या असं आहे. हे दोन अगदी वेगळे अर्थ आहेत, आणि आपल्याकडं पहिला अर्थ तोंडोतोंडी पसरलाय. फॉरेनर ठेवायचं लायसन नाही आमच्याकडं, असं मला त्या रात्री तिघांनी सांगितलं. वेगळ्या लायसनची गरज नाही, लागतं ते लॉगिन.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, तू करून देशील का? दोन दिवसांनी मी लॅपटॉप घेऊन गेले. लॉजची नोंदणी, पत्ता, किती खोल्या, मालकाचं नाव, आयडी, मोबाईल, मेल आयडी, जो त्यांना नव्हताच, तो तिथंच काढला. मग काका स्वतः कागद घेऊन एसपी ऑफिसला गेले, जाताना तोंड उतरलेलं, येताना फोन केला, "अगं त्यांनी बसायला दिलं आणि विचारलं इतके दिवस का नाही आलात." अकरा दिवसांनी लॉगिन चालू झालं. एका संध्याकाळी मी त्या रात्रपाळीच्या पोराला बसवून फॉर्मचे सगळे रकाने मराठीत एका कागदावर लिहून दिले, प्रत्येक माहिती पासपोर्टच्या कुठल्या पानावर सापडते त्याच्यासकट, आणि त्यानं तो कागद काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवला. त्या एजंटकडनं तिकडच्या अॅपचा पासवर्ड मिळायला मात्र अजून तीन आठवडे गेले.

आता आमच्याकडं कुणी परदेशातनं येणार म्हणलं की मी सगळी बरी आहेत असं लिहित नाही. मी त्यांना सांगते की खोली पसंत करा पण बुकिंगचं बटण दाबायच्या आधी मला नाव कळवा, मी फोन करते. फोनवर एकच विचारते, "तुमच्याकडं सी फॉर्म भरतात का?" खोली आहे का, रेट काय, हे नंतर. समोरचा हो भरतो की म्हणाला तर बाकीचं बोलायचं, आणि कसला फॉर्म असं म्हणाला तर तिथं पाहुणा पाठवायचा नाही, नाहीतर आधी जाऊन त्याला शिकवायचं. ज्यांचं इथं कुणीच ओळखीचं नाही त्यांनी हाच प्रश्न अॅपमधल्या मेसेजवर लेखी विचारावा, माझा पासपोर्ट अमुक देशाचा आहे, माझा सी फॉर्म तुम्ही भराल ना, आणि उत्तर येईपर्यंत ते बुकिंग धरून चालू नये. लेखी उत्तर असलं की काउंटरवर दाखवता येतं, अॅपच्या हेल्पलाइनलाही बोलता येतं. ई-व्हिसाची प्रिंट दोन प्रती, बुकिंगवर नाव पासपोर्टप्रमाणेच, आणि पहिली रात्र तरी पैसे जास्त गेले तरी खात्रीच्या ठिकाणी, बाकीच्या रात्रींचं दिवसा फिरून बघता येतं. गावात रात्री पोचणारी गाडी शक्यतो नको, महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सकाळी उतरलं तर नाही म्हणणाऱ्यालाही दिवसभर वेळ असतो नि आपल्यालाही. रोख पहिल्या दोन रात्रींपुरती जवळ. चेकआऊट दुपारी बाराचं का चोवीस तासांचं तेही विचारून घ्या, आपल्याकडं दोन्ही चालतं आणि रात्री दहाला आलेल्या माणसाला त्यानं बराच फरक पडतो. रिक्षात बसताना हॉटेल म्हणू नका, लॉज म्हणा, आणि पत्ता दाखवण्यापेक्षा जवळची खूण सांगा, व्हीनस कॉर्नर, बिंदू चौक, असं काहीतरी, कारण मामा पिन कोड बघत नाहीत.

आणि घरी ठेवायचं असेल तर अवश्य ठेवा, आईसारखी गादी घाला, पण फॉर्म तुम्हालाही आहे. आम्ही आता आमच्या घराचंही लॉगिन घेतलंय.

जर्मनीहून तिचा डिसेंबरात मेल आला. तिच्या वर्कशॉपमध्ये एका पेशंटसाठी तिनं वादीनं शिवलेला तळ करून बघितला, फोटो पाठवला. आण्णांनी मोबाईल लांब धरून बघितला, म्हणाले टाका जरा लांब पडलाय, तिला सांग. मी सांगितलं. पुढच्या वेळी कुठं राहू असंही तिनं विचारलं होतं, तर मी त्याच स्टेशन रोडच्या लॉजचं नाव लिहिलं.

१ फेब्रुवारी, रविवार, परत किरणोत्सवाचे दिवस. रात्री साडेदहाला अनोळखी नंबरवरनं फोन. "ताई, मी लॉजवरनं बोलतोय, त्या दिवशीचा. दोघं आलेत फ्रान्सचे. सगळं भरलंय, पण व्हिसा नंबरलाच अडलोय. स्टिकर नाही यांच्यात पण."

"स्टिकर शोधू नको बाळा. त्यांच्याकडं प्रिंट माग."

पलीकडं कागदाचा आवाज आला, मग त्यानं फोन तसाच काउंटरवर ठेवला असावा, कारण मला त्याचं इंग्रजी लांबनं ऐकू येत होतं, मॅडम, ई-व्हिसा पेपर, प्लीज, आणि थोड्या वेळानं किल्ल्यांचा जुडगा काढल्याचा खळखळाट.